नाट्यशाळेत काय शिकवतात

४ जुलै

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तू फोन उचलत नाहीस, आणि उचललास तरी "काम असेल तर लिहून पाठव, फोनवर माणसं नुसती बडबडतात" म्हणतेस. म्हणून लिहितेय.

आमच्या नाट्यशाळेवर कर खात्याची वक्रदृष्टी झाली आहे. मी ज्या जोड-अभ्यासक्रमाला आहे, नाट्यशास्त्र आणि करकायदा, दोन्हींची पदव्युत्तर पदवी एकदम, त्यातला कायदा विद्यापीठाच्या इमारतीत शिकवतात आणि नाट्य आमच्या सरांच्या नाट्यशाळेत. सरांना सगळे महर्षी म्हणतात. शिक्षणसंस्था म्हणून नाट्यशाळेला आजवर करमाफी होती. आता खातं म्हणतं, इथे शिक्षण चालतच नाही, धंदा चालतो. माफी काढून घेणार. माफी गेली की शाळा बंद, शाळा बंद झाली की माझं दुसरं वर्ष पाण्यात.

जन्मात एक नाटक धड पाहिलं नसेल, पाहिलं असेल तर मध्यंतरात घरी गेले असतील, अशी माणसं ठरवणार शिक्षण म्हणजे काय! त्यांना आकड्यांपलीकडे काही दिसतं का? (तू सोडून. तू वेगळी.)

करखटल्यांत तुझ्याइतकं नाव कोणाचं नाही. घेशील ही केस? महर्षी स्वतःच तुला लिहिणार होते, पण ते असल्या गोष्टींना हात लावत नाहीत.

तुझी
भिंगरी

९ जुलै

चि. भिंगरी,

पत्र मिळालं. कंसातली खुशामत वाया गेली.

हा अभ्यासक्रम कोणाच्या सुपीक डोक्यातून निघाला, हे मी तेव्हाच तुझ्या बापाला विचारलं होतं. नाट्याला विद्यार्थी मिळेनात, करकायद्याला कोणी हौशी मिळेना, म्हणून विद्यापीठानं दोन मोडक्या खुर्च्या दोरीनं बांधल्या आणि त्याला बाक म्हटलं. त्यावर बसायला पहिली कोण, तर आमची भिंगरी. असो. बसलीच आहेस तर आता निदान पडू नकोस.

नाटकवाल्यांबद्दलचं माझं मत तुला ठाऊक आहे. आजवर जे जे माझ्याकडे आले, त्यांच्याकडे एक साधी पावती मागितली की ते खिडकीबाहेर बघू लागत. आणि जो माणूस स्वतःच्या संस्थेच्या बचावाला हात लावत नाही, तो हात लावतो तरी कशाला, हे मला बघायचं आहे. केस घेते. तुझ्यासाठी नव्हे. 'शिक्षण' म्हणजे काय हे कायद्यात कुठेच सांगितलेलं नाही, आणि न सांगितलेल्या गोष्टीवर भांडायला मला आवडतं.

हिशेबाचे कागद तिथल्या कारकुनाकडून मागवले आहेत. तुझ्याकडून एकच हवं: एका विद्यार्थ्याचं प्रतिज्ञापत्र. इथे मला काय शिकवलं, हे शपथेवर लिहायचं. तू कायदाही शिकतेस म्हणे, तेव्हा तूच लिही. विशेषणं नकोत.

आत्या

१४ जुलै

ती. आत्यास,
सा. न.

मसुदा सोबत आहे. थोडा भाग इथेच देते, म्हणजे तुला कल्पना येईल:

"नाट्यशाळेच्या भूमीवर पाऊल ठेवताच माझ्यातला अहंकार गळून पडला. सरांनी आम्हाला देहाची भाषा दिली. मौनाचा अर्थ दिला. त्यांच्या केवळ अस्तित्वानं आमच्यातला नट जन्माला आला…"

विशेषणं काढली आहेत. दोन-चार राहिली, कारण ती काढली तर वाक्यं उघडी पडतात. लाडोबानं वाचलं तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. (लाडोबा म्हणजे माझ्याआधीपासून इथे शिकणारा, महर्षींचा उजवा हात. खरं नाव कोणी घेत नाही.)

तुझी
भिंगरी

१८ जुलै

चि. भिंगरी,

मसुदा मी टाइप करायला दिला. टायपिस्टनं पहिला परिच्छेद वाचून विचारलं, "बाई, कोण वारलं?"

'देहाची भाषा दिली.' दिली म्हणजे काय केलं? डब्यात घालून दिली? कोणत्या खोलीत? तो उभा होता की बसला होता? तोंडानं काय म्हणाला? तू चुकलीस तेव्हा त्यानं काय केलं? 'केवळ अस्तित्वानं' तर माझ्या कार्यालयातलं लोखंडी कपाटही काम करतं. त्याला मी गुरू म्हणत नाही.

पानभर मजकुरात त्या माणसानं केलेली, डोळ्यांना दिसेल अशी एकही गोष्ट नाही. वाक्यं उघडी पडतात म्हणतेस. पडू देत. मला उघडीच हवी आहेत. सकाळी दार उघडल्यापासून काय काय होतं ते लिही. आणि लाडोबाला सांग, रडायचं असेल तर त्यानं स्वतःच्या मसुद्यावर रडावं.

आत्या

२५ जुलै

ती. आत्यास,

तुला कलेतलं कळत नाही हे आपल्या घरात सगळ्यांना माहीत आहे, पण कळत नाही याचा एवढा अभिमान असेल असं वाटलं नव्हतं. घे, तुला हवं तसं लिहिते. पोलिसात जबानी देतात तसं.

सकाळी आम्ही हॉल झाडतो, पुसतो, काळे पडदे झटकतो. याला श्रमसाधना म्हणतात. मग गोल उभं राहून श्वासाचे व्यायाम. ते लाडोबा घेतो. महर्षी समोर वेताच्या खुर्चीत डोळे मिटून बसतात. ते ऐकत असतात. मग आम्ही एकेक प्रवेश करून दाखवतो. ते "पुन्हा" म्हणतात. आम्ही पुन्हा करतो. ते "पुन्हा" म्हणतात. कधी काहीच म्हणत नाहीत, तेव्हा जमलं असं समजायचं.

दुपारनंतर बाहेरची प्रात्यक्षिकं असतात. कंपन्यांचे समारंभ, दुकानांची उद्घाटनं. परवा फरशांच्या एका शोरूमच्या दाराशी आम्ही चौघी अंगाला पांढरा रंग फासून पुतळे झालो होतो. येणारी माणसं आमच्यासोबत फोटो काढत होती. स्थिरता ही अभिनयाची पहिली पायरी आहे, असं महर्षी म्हणतात. तू नाक मुरडशील, पण एका माणसानं माझ्या हातात स्वतःची छत्री अडकवली तरी मी हलले नाही. हे शिक्षण नाही तर काय?

भिंगरी

२९ जुलै

चि. भिंगरी,

हे पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदाच तू काहीतरी लिहिलं आहेस.

आता खात्याचा वकील तुला काय विचारेल ते सांगते. शोरूमवाल्यानं तुझ्याऐवजी प्लास्टरचा पुतळा आणला असता, तर पुतळ्याचंही पदव्युत्तर शिक्षण झालं असतं का? जगात झाडणाऱ्या बाईला पगार मिळतो. तुला साधना मिळते. श्वास घ्यायला तू जन्मल्याबरोबर शिकलीस. मी दाराबाहेर उभी होते. तेव्हाही तुझा आवाज सगळ्या मजल्यावर पोचला होता, आणि त्या वेळी खुर्चीत कोणी डोळे मिटून बसलेलं नव्हतं.

उरलं ते "पुन्हा". माझी सगळी केस त्या एका शब्दावर उभी आहे, तेव्हा त्याच्या मागे काय आहे ते मला कळायला हवं. पुढच्या वेळी तो तसं म्हणाला की विचार, "सर, काय चुकलं?" एवढंच. स्वर नम्र ठेव. जे उत्तर मिळेल ते मीठमसाला न लावता लिही. तो खरोखर शिकवत असेल, तर ते उत्तर ऐकून खात्याचं तोंड बंद होईल.

आत्या

८ ऑगस्ट

आत्या,

विचारलं.

माझा शेवटच्या अंकातला प्रवेश चालू होता. आई मुलाला घराबाहेर काढते तो. प्रमुख भूमिका माझी आहे. होती. महर्षी "पुन्हा" म्हणाले. मी केलं. "पुन्हा." मी केलं. "पुन्हा" म्हणाले तेव्हा मी विचारलं, "सर, काय चुकलं?"

महर्षींनी डोळे उघडले. मला वाटतं, गेल्या दीड वर्षात ते माझ्याकडे पहिल्यांदाच बघत होते, कारण क्षणभर त्यांना माझं नाव आठवेना. मग हसले. म्हणाले, "प्रश्न विचारणारा नट मेलेला असतो." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, आत्या. हात आपोआप उठले.

मग त्यांनी लाडोबाला विचारलं, "हिच्या जागी कोण?" लाडोबानं एक नाव सांगितलं. झालं.

घरी जाताना मी तो प्रवेश मनात सारखा करून पाहिला. त्यात काय चुकतंय ते मला आजही माहीत नाही. काहीतरी चुकतंय एवढं मात्र मला कळतं. दार उघडून मुलाला बाहेर काढल्यावर त्या आईनं हातांचं काय करायचं, हेच मला सुचत नाही. दीड वर्षात मला हे कोणालातरी विचारायचं होतं.

नवा मसुदा:

"मी या संस्थेत दीड वर्ष आहे. मी रोज हॉल झाडते. मी समारंभांत पुतळा म्हणून उभी राहते. श्वासाचे व्यायाम एका विद्यार्थ्यानं घेतले. सरांनी माझा प्रवेश पुन्हा करायला सांगितला. काय चुकलं ते सांगितलं नाही. मी विचारलं, तेव्हाही सांगितलं नाही."

हा दाखल कर.

भिंगरी

१२ ऑगस्ट

चि. भिंगरी,

तुझ्या मसुद्यातलं एक अक्षरही बदलायला नको. इतकं स्वच्छ प्रतिज्ञापत्र माझ्याकडे क्वचितच आलं असेल. म्हणूनच ते दाखल होणार नाही.

मी नाट्यशाळेची वकील आहे. तिच्या पायावर धोंडा टाकायला मला नेमलेलं नाही. मी खोटं दाखल करत नाही, कधी केलं नाही. पण आपल्या पक्षकाराला बुडवणारा साक्षीदार आणून उभा करणं हेही माझं काम नाही. लाडोबाचं प्रतिज्ञापत्र घेतलं आहे. त्याचा स्वतःच्या प्रत्येक वाक्यावर विश्वास आहे. असे लोक शपथेवर फार चांगले दिसतात.

तो माणूस भोंदू आहे, हे मला त्याच्या पहिल्याच कागदावरून कळलं होतं. कागदावर सही लाडोबाची, शिक्का कारकुनाचा, आणि महर्षींचं काय, तर फोटो. पण तुझ्या प्रबंधाचा मार्गदर्शकही तोच आहे. त्याच्या सहीवाचून तुझं नाट्याचं अर्धं रखडेल. सहा-आठ महिने आहेत. तोंड मिटून काढ, दोन्ही पदव्या घे आणि बाहेर पड. मग माझ्या कार्यालयात ये. खिडकीजवळचं टेबल मी कोणालाही दिलेलं नाही.

सुनावणीच्या दिवशी घरी बस. अपमान गिळायला फार अक्कल लागत नाही. मी वयाच्या तिशीत शिकले.

आत्या

१६ ऑगस्ट

आत्या,

म्हणजे ज्याला अजून काही कळलेलं नाही त्याला उभं करायचं, आणि जिला कळलं तिला घरी बसवायचं. वा! महर्षी डोळे मिटून घेतात, तू फाईल मिटून घेतेस.

तूच मला उघडी वाक्यं लिहायला लावलीस. टायपिस्टसमोर माझी फजिती केलीस, ती मी सोसली, कारण वाटलं की तुला खरं हवं आहे. तुला खरं हवं होतं ते फक्त कुठे झाकायचं हे कळावं म्हणून. याला वकिली म्हणतात हे आम्हाला करकायद्याच्या वर्गातही सांगतात, पण ते सांगणारे निदान थोडे ओशाळतात.

टेबल दुसऱ्या कोणाला तरी दे. त्यावर बसून मी काय करणार? लोकांकडून खरं काढून घेणार आणि कुलपात ठेवणार?

माझी सही माझी आहे. ती मी कुठे करायची हे तू ठरवणार नाहीस, महर्षीही नाही.

भिंगरी

६ सप्टेंबर

चि. भिंगरी,

तू तुझं प्रतिज्ञापत्र कर कार्यालयाच्या आवक खिडकीत स्वतःच्या हातानं देऊन आली होतीस, हे मला परवा सुनावणीत कळलं. सुनावणी घेणाऱ्या अधिकारीबाईंनी ते फाईलमधून काढलं तेव्हा माझा चेहरा कसा झाला होता ते तू बघितलंच असशील. बघून घे. असा तो पुन्हा व्हायचा नाही.

मी हरकत घेतली. ती फेटाळली गेली. मग उलटतपासणी घेण्याखेरीज मला गत्यंतर नव्हतं. महर्षी माझ्या शेजारी बसले होते, शाल पांघरून, आणि डोळे सताड उघडे ठेवून. ते जागे असू शकतात, याचा हा एकमेव पुरावा.

जे झालं ते मी कागदावर उतरवून ठेवते आहे, कारण तू ते आयुष्यभर तिखटमीठ लावून सांगत सुटशील.

मी विचारलं, "तुम्हाला प्रमुख भूमिकेतून काढलं. हे कागद त्यानंतरचे. म्हणजे हा राग आहे."

तू म्हणालीस, "राग आहेच. नसता तरी उत्तर हेच आलं असतं."

मी विचारलं, "इतर विद्यार्थी शिकलो म्हणतात. कशावरून तुमच्यातच काही कमी नसेल? कशावरून तुम्हाला अभिनय येतच नसेल?"

हा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवला होता. साक्षीदार इथे रडतो किंवा ओरडतो, आणि दोन्हींत त्याची साक्ष जाते. माझी अटकळ होती की तू ओरडशील. तू प्रश्न पूर्ण होईपर्यंत थांबलीस. मग म्हणालीस, "नसेलही येत. हे जर मला तिथे कोणी सांगितलं असतं, तर मी त्याला शिक्षण म्हटलं असतं."

अधिकारीबाई तोवर खोकल्याची गोळी चघळत होत्या. ते चघळणं थांबलं. त्या क्षणी मी केस हरले. निकाल रीतसर यायचा आहे, पण मला तो वाचायची गरज नाही.

लाडोबा बाहेर पायरीवर बसून होता. मला म्हणाला, "मॅडम, माझं कुठे चुकलं?" मी सांगितलं. बराच वेळ सांगत होते. त्यानं खिशातून पेन काढून तळहातावर लिहून घेतलं. गाढव आहे, पण निदान त्यानं विचारलं.

महर्षींनी मला काढून टाकलं. अपील दुसरा कोणी करणार आहे, त्यांच्यासारखाच शाल पांघरणारा. मला माझ्याच साक्षीदारानं, म्हणजे जिला मी साक्षीदार करायला नकार दिला तिनं, हरवलं. वकिलांच्या बार रूममध्ये दोन दिवस तोच विषय आहे. तुझा मला अतिशय राग आला आहे.

आत्या

१५ सप्टेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझा राग पोचला. माझाही अजून गेलेला नाही. सगळ्यांसमोर मला अभिनय येत नसेल असं म्हणालीस, आणि तेही इतक्या सावकाश, शब्द सुटे सुटे करून. त्या रात्री मी जेवले नाही. (दुसऱ्या दिवशी दुप्पट जेवले, काळजी करू नकोस. करणार नाहीसच.)

आता बातम्या. महर्षींनी माझं मार्गदर्शन सोडल्याचं विद्यापीठाला लेखी कळवलं. नाट्यविभागात दुसरं कोणी मार्गदर्शक नाही, त्यामुळे नाट्याचं अर्धं गेलं. करकायद्याचं अर्धं शाबूत आहे. ती पदवी मला सुटी मिळेल. विभागप्रमुख मला समजावत होते, "एक तर एक. लोकांना तेवढंही मिळत नाही." जणू दुकानात एकावर एक फुकट होतं आणि फुकटचं संपलं.

नाट्यशाळेतल्या मुली माझ्याशी बोलत नाहीत. एकीनं मात्र परवा जिन्यात गाठून हळूच विचारलं, "तू खरंच त्यांना विचारलंस? तोंडावर?" आणि पळाली.

मी कायद्याची परीक्षा देणार आहे. पण नाटक सोडणार नाही. दुसऱ्या एका विद्यापीठात नाट्याच्या पदव्युत्तर वर्गाला पुन्हा पहिल्या वर्षापासून अर्ज करतेय. इथली वर्षं ते धरणार नाहीत. तिथे एका बाईंचा तास मी मागे बसून पाहिला. त्यांनी एका मुलाला खुर्चीवरून उठायला लावलं आणि तासभर फक्त त्याच्या उठण्याबद्दल बोलत होत्या. तो घामाघूम झाला. मला त्याचा इतका हेवा वाटला की काय सांगू.

अर्जासोबत एक शिफारसपत्र लागतं, काम जवळून पाहिलेल्या माणसाचं. महर्षी देणार नाहीत, आणि त्यांनी दिलं तरी मी लावणार नाही. तुझ्याकडे मागतेय असं समजू नकोस. तुझ्या दृष्टीनं नाटकवाले काय लायकीचे आहेत ते मला माहीत आहे. नुसतं कळवतेय.

तुझी
भिंगरी

१९ सप्टेंबर

चि. भिंगरी,

खिडकीजवळच्या टेबलावर माणूस नेमला. नीटनेटका आहे, फार बोलत नाही, कंटाळवाणा आहे. काम चोख करतो. तुझ्यासाठी काही अडून राहिलेलं नाही, हे कळावं.

नाटकाबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. शहाणी माणसं दुसऱ्यांचे कपडे घालून, दुसऱ्यांची वाक्यं म्हणत, अंधारात बसलेल्यांसमोर का उभी राहतात, हे मला या जन्मी कळणार नाही. पण तुला तेच करायचं असेल, तर निदान धड शिकून कर.

शिफारसपत्र सोबत आहे. बंद पाकिटात द्यायचं असतं, पण तू फोडून वाचशीलच, म्हणून मीच उघडं ठेवलं.

आत्या

प्रवेश समिती,
नाट्यविभाग यांस,

अर्जदार माझी भाची आहे. त्यामुळे तिच्याबद्दल बरं बोलायची मला सवय नाही. मी तिला रंगमंचावर कधी पाहिलेलं नाही आणि तिला अभिनय येतो की नाही, हे मला ठाऊक नाही.

मी करखटल्यांची वकील आहे. एका सुनावणीत मी तिची उलटतपासणी घेतली. तिला सगळ्यात जास्त लागेल तोच प्रश्न मी तिला विचारला. तिनं तो शेवटपर्यंत ऐकून घेतला आणि मगच उत्तर दिलं. त्या एका उत्तरावर मी केस हरले.

चूक दाखवली की ती आधी भांडते, मग सुधारते. चूक दाखवली नाही तर ती विचारायला येते. तुमच्याकडे दाखवणारं कोणी असेल, तरच तिला घ्या.